बालकांवरील अत्याचार आणि आपला संताप



जून २०२४ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात सहा वर्षांच्या एका बालिकेवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. संशयित पकडला गेल्याचे कळताच जामनेर पोलीस ठाण्यासमोर मोठा जमाव जमला. त्याला आमच्या ताब्यात द्या, अशी लोकांची मागणी होती. पोलिसांनी ती मान्य केली नाही, तेव्हा दगडफेक झाली आणि काही पोलीस जखमी झाले. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून निघाले असेल की, असल्या माणसाला भर चौकात फाशी द्यायला हवी. हा संताप योग्य होता का, यावर आज थोडा विचार करू या.

संताप येणे पाप नाही

लहानग्याला दुखावणाऱ्याविषयी प्रभू येशूने जितके कठोर शब्द वापरले, तितके क्वचितच कोणाविषयी वापरले असतील (मत्तय १८:६). अशी बातमी वाचून ज्याचे रक्त तापत नाही, त्याच्या मनाला काहीतरी झाले आहे असे समजावे. प्रश्न संताप येण्याचा नाही. तो आपल्याला कोठे घेऊन जातो, हा प्रश्न आहे.

राईनपाडा विसरू नका

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या काळात व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोहोचले होते. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, असा संशय पसरला. जमावाने त्यांना ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून मारले आणि पाचही जण मरण पावले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

मारणाऱ्यांना आपण लेकरांचे रक्षण करतो आहोत असेच वाटत होते. ही गोष्ट फार विचार करण्यासारखी आहे. हेतू चांगला असला तरी सत्य न तपासता उचललेला हात निरपराध्याच्या डोक्यावर पडू शकतो. दुष्कृत्य करण्यासाठी बहुसंख्यांच्या मागे जाऊ नये, अशी आज्ञा निर्गम २३:२ मध्ये आहे ती याचसाठी. वधस्तंभाची मागणीदेखील जमावानेच केली होती, हे आपण दरवर्षी पवित्र आठवड्यात ऐकतो.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्य सरकारांना सविस्तर निर्देश दिले, आणि व्हॉट्सॲपनेही भारतात एका वेळी पाच जणांपुढे संदेश पाठवण्यावर मर्यादा आणली. पण ‘पुढे पाठवा’ या बटणावरचे बोट आपलेच असते.

बदलापूरने काय शिकवले?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांनी विलंब केला, पालकांना तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडवली, आणि त्यानंतर यंत्रणा हलली. म्हणजे लोकांचा आवाज वाया गेला नाही. जेथे दार उघडत नाही, तेथे ते ठोठवावेच लागते.

पण पुढे सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने ठार झाला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने त्या गोळीबाराविषयी गंभीर प्रश्न उभे केले. आरोपीच गेल्यामुळे त्याच्यावरचा खटला चालून निकाल लागणे कायमचे राहून गेले. झटपट न्यायाने टाळ्या मिळतात, सत्य मात्र दडपले जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षण ग्रंथात बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. गुन्हेगाराला कठोर शिक्षा नको, असा त्याचा अर्थ नाही.

धोका बहुधा बाहेरचा नसतो

जमाव नेहमी परक्याला शोधतो. पण पोलिसांच्या नोंदी वर्षानुवर्षे वेगळेच सांगतात. बालकावर बलात्कार झाल्याच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो: नातेवाईक, शेजारी, शिक्षक, कुटुंबाचा मित्र. आपल्याकडे कापूस वेचणीला आईवडील शेतात जातात, ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर राहतात, आणि मुले कोणाच्या तरी भरवशावर असतात. तो ‘कोणीतरी’ आपलाच म्हातारा काका असला, तर आपण दगड उचलतो की दार लावून घेतो? परक्याविरुद्ध मोर्चा आणि आपल्याविषयी मौन, हा दुटप्पीपणा मुलांना कळतो. म्हणून ती बोलत नाहीत.

ख्रिस्तसभाही या दोषातून सुटलेली नाही. जगभर अनेक ठिकाणी नाव राखण्यासाठी धर्मगुरूंचे गुन्हे झाकले गेले आणि लेकरे एकटी पडली. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम केला की, अशा गोष्टी कळलेल्या धर्मगुरूंनी व व्रतस्थांनी त्या चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवल्याच पाहिजेत. आपण इतरांना बोट दाखवण्यापूर्वी हे नम्रपणे मान्य करायला हवे.

आपण काय करावे?

१. मूल काही सांगू लागले तर शांतपणे ऐका. ‘खोटे बोलतोस’ किंवा ‘कोणाला सांगू नकोस’ असे म्हणू नका. तुझी चूक नाही, एवढे आवर्जून सांगा.

२. पोलिसांना किंवा १०९८ या क्रमांकावर कळवा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार माहिती असून न कळवणे हा गुन्हा आहे.

३. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, अशी कायद्यात तरतूद आहे. तो हक्क मागा.

४. पीडित बालकाचे नाव, फोटो, घर किंवा शाळा उघड करू नका. श्रद्धांजलीचा फलक लावतानाही नाही.

५. दोन-चार दिवसांनी मोर्चा ओसरतो. त्या कुटुंबाला मात्र कोर्टाच्या तारखांना सोबत लागते, मजुरी बुडते, धीर लागतो. खरी सेवा तेव्हाची आहे.

घरी चर्चेसाठी

• राईनपाड्याच्या बाजारात मी असतो, तर काय केले असते?

• माझ्या मुलाला एखाद्या मोठ्या माणसाची भीती वाटली, तर ते मला सांगू शकेल का?

• खात्री न करता पुढे पाठवलेला माझा शेवटचा संदेश कोणता होता?

या आठवड्यात रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत जामनेरच्या त्या बालिकेची आणि राईनपाड्याच्या त्या पाच जणांची एकत्र आठवण करू या.