शिंकांची गोळी निवडताना

भाताची मळणी सुरू झाली की तूस उडते आणि घरोघरी शिंका सुरू होतात. नाक वाहते, डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. मग शेजाऱ्याने सांगितलेली गोळी दुकानातून येते. ती तोंडात टाकण्याआधी थोडे समजून घेऊ या.

धूळ, परागकण किंवा बुरशी ज्याला सोसत नाही, त्याच्या शरीरातील काही पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे शिंका, खाज व गांधी येतात. अँटिहिस्टामीन गोळी या द्रव्याचे काम अडवते. ॲलर्जी मुळातून काढीत नाही.

क्लोरफेनिरामाइन ही जुनी, स्वस्त गोळी. ती मेंदूपर्यंत पोहोचते, म्हणून गुंगी आणते. वृद्धांना तिच्यामुळे लघवी अडणे, भ्रम होणे, तोल जाणे असे त्रास होऊ शकतात. काचबिंदूच्या काही रोग्यांनाही ती धोक्याची असते. सेटिरिझिन, लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन या नंतरच्या गोळ्या बहुधा दिवसातून एकदाच पुरतात. सेटिरिझिनने काहींना झोप येते, म्हणून ती रात्री घेणे बरे. फेक्सोफेनाडिनने गुंगी फार कमी येते. मात्र ती पाण्याबरोबरच घ्यावी. फळांच्या रसाबरोबर घेतल्यास ती अंगात कमी भिनते.

मळणी यंत्र, कडबाकुट्टी किंवा ट्रॅक्टर चालवणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. एक डुलकी लागली तर हात जातो. गुंगीची गोळी घेऊन यंत्राजवळ जाऊ नये, आणि तिच्यावर दारू तर मुळीच घेऊ नये. नवी गोळी आपल्याला कशी मानवते, हे आधी सुट्टीच्या दिवशी पाहावे.

सर्दीच्या मिश्र गोळ्यांत नाक मोकळे करणारे औषधही असते. त्याने रक्तदाब वाढू शकतो. म्हणून वेष्टनावरचे औषधाचे नाव वाचावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व मूत्रपिंडाचे रोगी यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नये.

छातीत घरघर होत असेल तर तो दमा असू शकतो. त्यावर ही गोळी पुरत नाही. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास कोंडला, तर गोळीचा गुण येण्याची वाट न पाहता रोग्याला ताबडतोब इस्पितळात न्यावे. तेथे ॲड्रिनलीनचे इंजेक्शनच जीव वाचवते.

आणि मळणीला उभे राहताना वारा पाठीशी घ्यावा, नाकातोंडावर मास्क लावावा, काम संपताच आंघोळ करून कपडे बदलावेत. जी धूळ नाकात गेलीच नाही, तिच्यासाठी गोळी लागत नाही.