घर आईच्या नावावर

मुलांनो, उर्दूतील 'सहूलत' म्हणजे मराठीतील 'सवलत'. कर्ज, रक्कम, हक्क, अर्ज हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. पहिले घर घेताना हे सारे शब्द उपयोगी पडतात.

घर विकत घेतले, की त्याचा दस्त नोंदवावा लागतो. त्या वेळी सरकारला मुद्रांक शुल्क नावाचा कर भरावा लागतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून, घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास या शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आता हिशेब करा. घराची किंमत २० लाख रुपये असेल, तर २० हजार रुपये वाचतात! शिवाय घरावर आईचा कायदेशीर हक्क राहतो.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये 'प्रधानमंत्री आवास योजना - शहरी २.०' सुरू केली. तिच्यात पात्र कुटुंबाला गृहकर्जाच्या व्याजासाठी १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. मात्र, त्या कुटुंबातील कोणाच्याही नावावर भारतात कोठेही पक्के घर नसावे, ही मुख्य अट आहे. उत्पन्नाचीही मर्यादा आहे.

सवलत आपल्या पायांनी घरी येत नाही. त्यासाठी वेळेवर अर्ज करावा लागतो आणि दस्तात नाव कोणाचे, हे सही करण्यापूर्वीच ठरवावे लागते. उद्या तुमच्या घरी असा मराठी दस्त आला, तर तो वाचून दाखवणारे कदाचित तुम्हीच असाल. तेव्हा घाई करू नका. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा, अर्थ समजावून सांगा. मगच आई-वडिलांना सही करू द्या.