सर्वेश्वरवाद आणि आधुनिक निरीश्वरवाद : एक तुलना

तत्त्वज्ञानाच्या तासाला स्पिनोझा शिकवला जात होता. ईश्वर आणि निसर्ग ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, हे त्याचे मत सरांनी समजावून दिले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हा ईश्वर नवसाला पावत नाही, संकटात धावून येत नाही, शिक्षाही करत नाही. मग तो असला काय आणि नसला काय, सारखेच नाही का?” वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. युरोपातील विचारवंत तीनशेहून अधिक वर्षे याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. आपल्याकडे ‘नास्तिक’ हा शब्द परंपरेने वेदप्रामाण्य नाकारणाऱ्यास लावला जातो. त्यामुळे जगत्कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक हेही ‘आस्तिक’ ठरतात! हा घोटाळा टाळण्यासाठी येथे ‘निरीश्वरवाद’ हा शब्द योजला आहे. जगाचा निर्माता व नियंता असा कोणी ईश्वर नाही, जगाचे स्पष्टीकरण जगातच शोधले पाहिजे, हे मत म्हणजे आधुनिक निरीश्वरवाद. जे जे आहे ते सर्व मिळून ईश्वर, त्याहून वेगळा ईश्वर नाही, हे मत म्हणजे सर्वेश्वरवाद.

सर्वेश्वरवादाचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील सर्वात काटेकोर प्रवक्ता बारूक स्पिनोझा हा होय. त्याचा जन्म १६३२ साली ॲम्स्टरडॅम येथे, पोर्तुगालमधून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. १६५६ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याच्या समाजाने त्याला पाखंडी ठरवून बहिष्कृत केले. पुढे भिंगे घासण्याचा व्यवसाय करीत तो साधेपणाने राहिला. १६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात चालून आलेले प्राध्यापकपद त्याने विचारस्वातंत्र्यास बाध येईल म्हणून नाकारले. ‘एथिक्स’ हा त्याचा प्रमुख ग्रंथ १६७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

स्पिनोझाच्या मते अनंत असे द्रव्य एकच आहे. विचार आणि विस्तार हे त्याचे आपल्याला कळणारे दोन गुणधर्म, आणि दगड, झाड, माणूस हे त्याचे पर्याय. त्रिकोणाच्या स्वरूपातून त्याच्या कोनांची बेरीज जशी अपरिहार्यपणे निष्पन्न होते, तसे ईश्वराच्या स्वरूपातून सर्व काही निष्पन्न होते. त्यात हेतू नाही, लहर नाही, चमत्कार नाही.

याच ग्रंथात त्याने एक मार्मिक उदाहरण दिले आहे. छपरावरून दगड पडून एक माणूस मरतो. वारा सुटला होता, माणूस तेथून जात होता, ही कारणे सांगितली तरी लोक ‘पण नेमका तेव्हाच वारा का सुटला? तो तेव्हाच तेथून का जात होता?’ असे विचारत राहतात आणि अखेर ‘ईश्वरेच्छा’ म्हणून थांबतात. स्पिनोझाच्या मते हा ज्ञानाचा शेवट नसून अज्ञानाचा आसरा आहे.

कोणत्याही निरीश्वरवाद्याने या विवेचनाखाली आनंदाने सही करावी! म्हणूनच पिएर बेलने १६९७ च्या आपल्या कोशात स्पिनोझाला निरीश्वरवादी म्हटले. शोपेनहाउएरने सर्वेश्वरवाद हा निरीश्वरवादाचाच सभ्य अवतार मानला, आणि २००६ मध्ये रिचर्ड डॉकिन्सनेही साधारण तोच निर्वाळा दिला. उलट आईन्स्टाईनने १९२९ मध्ये एका धर्मगुरूच्या प्रश्नास उत्तर देताना, आपण माणसांच्या नशिबात लक्ष घालणारा ईश्वर मानत नाही, विश्वाच्या सुसंगतीत प्रकट होणारा स्पिनोझाचा ईश्वर मानतो, असे सांगितले. त्याला हे नाव टाकावेसे वाटले नाही.

मग भेद कोठे आहे? माझ्या मते तो वस्तुस्थितीविषयी फारसा नाही. वस्तुस्थितीकडे पाहण्याच्या वृत्तीविषयी आहे. सर्व काही एका अखंड व्यवस्थेचा भाग आहे हे ज्याला कळले, त्याच्या मनात त्या समग्राविषयी बौद्धिक प्रेम उपजते, असे स्पिनोझा म्हणतो. मात्र असे प्रेम करणाऱ्याने ईश्वराने आपल्यावर उलट प्रेम करावे अशी अपेक्षा धरू नये, असेही तो बजावतो. निरीश्वरवाद्याला हे प्रेमच अनाठायी वाटते. सार्त्रसारख्या विचारवंताच्या दृष्टीने ईश्वर नाही याचा अर्थ माणूस एकटा आहे आणि आपल्या मूल्यांची जबाबदारी त्याने स्वतःच उचलली पाहिजे.

येथे आपल्या विद्यार्थ्यांना अद्वैताची आठवण होते. पण शंकराचार्यांच्या मते जग मिथ्या आहे; स्पिनोझाला ते पूर्णपणे सत्य आहे. जगाला चैतन्याचा विलास मानणारा ‘अमृतानुभवा’तील ज्ञानेश्वरांचा विचार त्याला अधिक जवळचा वाटतो. तरीही तेथे चैतन्य मूलभूत आहे, स्पिनोझाकडे मात्र विचार आणि विस्तार यांचा मान सारखाच आहे. साम्य दाखविताना हे विसरता कामा नये.

सर्वेश्वरवादाची खरी परीक्षा दुःखाच्या प्रसंगी होते. बर्ट्रांड रसेल निरीश्वरवाद्यांमधील अग्रणी. तरी आपल्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासात (१९४५) त्याने स्पिनोझाच्या थोर स्वभावाचा मुक्तकंठाने गौरव केला आहे. परंतु समग्राच्या दृष्टीने पाहिले की दुष्टता दुष्टता राहत नाही, हे त्याने मान्य केले नाही. एखादे क्रूर कृत्य घडले ते घडले. विश्वात सामावून घेतल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही, असे त्याचे म्हणणे. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. छपराखाली मेलेल्या माणसाच्या आईला ‘हे सारे अपरिहार्य होते’ असे सांगण्याचे धैर्य कोणाला होईल? पण ‘हा केवळ योगायोग’ हे निरीश्वरवाद्याचे उत्तर तरी तिला कोठे पुरे पडणार आहे? दोघेही तिला खोटी आशा दाखवीत नाहीत, एवढा प्रामाणिकपणा मात्र दोघांत समान आहे.

तात्पर्य, मागच्या बाकावरच्या प्रश्नाला अर्धे उत्तर ‘हो’ असे आहे. परीक्षेपूर्वी बोललेला नवस दोन्ही मतांनुसार सारखाच व्यर्थ! पण उरलेले अर्धे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. दगड का पडला हे समजून घेऊन मन शांत करावे, हे स्पिनोझाने शिकविले. छप्पर वेळीच का दुरुस्त केले नाही, हा प्रश्न निरीश्वरवादी नेटाने विचारतो. पहिल्याशिवाय माणूस खचतो आणि दुसऱ्याशिवाय पुढचा दगड पडतो. या दोहोंपैकी एकच निवडण्याची सक्ती आपल्यावर कोणी केली आहे, असे मला वाटत नाही.