सरकारी खर्चाने वकील : कोणास व कोणत्या कामी

कोर्टाचे नाव निघाले की आपल्याकडील शेतकरी प्रथम कनवटीस हात लावतो व पुष्कळदा तेथूनच माघारी फिरतो. वस्तुतः कित्येकांस वकील सरकारी खर्चाने मिळतो. तो कोणास व कसा, हे येथे सांगावयाचे आहे.

हा प्रश्न आपल्या मुलखास जुना आहे. इ. स. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला, व १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला. सावकार एकतर्फी हुकूमनामे मिळवितात, ही रयतेची एक मोठी तक्रार होती. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता कायदा झाला. समोरील पक्षास वकील असून शेतकरी निर्धन असल्यास, त्याच्यातर्फे सरकारी वकील वा अन्य योग्य गृहस्थ उभा करण्याची मुभा त्याने न्यायाधीशास दिली. तथापि ती न्यायाधीशाची मर्जी होती. शेतकऱ्याचा हक्क नव्हे.

हक्क दिला तो विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याने. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

कोणास मिळतो? स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, वेठबिगारीस बळी पडलेले, अटकेतील इसम, तसेच पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेले. यांस उत्पन्नाची अट नाही. इतरांचे वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रात ३ लाख रुपयांच्या आत असावे. प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य मात्र पाहिजे.

कोणत्या कामी? वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, अर्जांचे मसुदे व नकला, शिवाय नुसता सल्लाही. आणि पुष्कळांस ठाऊक नसलेली गोष्ट ही की, या कायद्यातील ‘न्यायालय’ या शब्दात महसुली न्यायालयही येते. म्हणजे शेतरस्त्याचा तहसीलदारांपुढील वाद व फेरफारावरील प्रांतांकडचे अपील यांसही हे साहाय्य आहे.

प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी केली. एकदा कचेरीत एक विधवा आली. वारस नोंदीतून तिचे नाव गळले होते. दिरांनी वकील दिला होता. तिला कोणी नव्हते. अपिलाची ६० दिवसांची मुदत तिची पैशांच्या जुळवाजुळवीतच सरली. स्त्री म्हणून तिला उत्पन्न न पाहता वकील मिळाला असता. सबळ कारण दाखविल्यास विलंबही माफ होऊ शकतो. यातील वकिलाची गोष्ट मी तिला सांगितली नाही, कारण ती मलाच ठाऊक नव्हती. ती रुखरुख अद्याप आहे.

अर्ज कोठे करावा? शिरूरकरांनी शिरूरच्या व दौंडकरांनी दौंडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जावे. उत्पन्नाची अट ज्यांस लागू आहे त्यांनी प्रतिज्ञापत्र जोडावे. लिहिता न येणाऱ्याचे तोंडी निवेदन उतरून घेऊन अंगठा घेतात. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य विचारपूसही करता येते.

लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. परंतु त्या निवाड्यावर अपील नाही. सबब मजकूर वाचून घेतल्याविना सही करू नये.

शेवटी एवढेच, की नोटीस अगर हुकूम हाती येताच त्यावर मिळाल्याची तारीख घालावी, व त्याच आठवड्यात समितीकडे जावे. शेजारच्या घरी एखादी विधवा वा निराधार असेल, तर तिलाही सोबत न्यावे.