नादा येथील मद्यगृहें आणि त्यांचा तांदूळ

धान्य पिकविणें हें शेतकऱ्याचें काम खरें. परंतु तें धान्य पुढें कोणाच्या हातीं जातें, त्याचें काय होतें व त्यांतील कोणत्या गुणासाठीं गिऱ्हाईक अधिक पैसे मोजावयास तयार असतें, याचा विचार आपल्यापैकीं फार थोडे करितात. जपान देशांत तांदळापासून साके नांवाचें मद्य करितात. त्या मद्याची शिफारस करण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. परंतु तें करणारीं जुनीं मद्यगृहें व त्यांस तांदूळ पुरविणारीं गांवें यांचा संबंध कसा जुळला, हें भात पिकविणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्यासारखें आहे.

ह्योगो प्रांतांत कोबे व निशिनोमिया या शहरांच्या किनाऱ्यालगत नादा म्हणून एक पट्टा आहे. मागें रोक्को पर्वत, पुढें समुद्र. पर्वतावरून वेगानें उतरणाऱ्या ओढ्यांवर पूर्वीं पाणचक्क्या चालत. पायानें सडण्यापेक्षां त्यांवर तांदूळ पुष्कळच शुभ्र निघे. तयार माल पिंपांत भरून गलबतांनीं एदो, म्हणजे आजच्या तोकियो, शहरीं जाई. तेथील पाण्याची हकीकत प्रसिद्ध आहे. यामामुरा ताझाएमोन या मद्यकाराचीं दोन ठिकाणीं मद्यगृहें होतीं व निशिनोमियाचा माल नेहमीं सरस उतरे. कारागीर व तांदूळ यांची अदलाबदल करूनहि फरक पडेना. शेवटीं १८४० सालीं त्यानें निशिनोमियाच्या विहिरीचें पाणी दुसरीकडे नेऊन पाहिलें, तेव्हां उलगडा झाला, असें सांगतात. या पाण्यांत लोह अत्यल्प असून स्फुरद व पालाश भरपूर आहेत. लोहानें मद्याचा रंग व स्वाद बिघडतो. स्फुरद आणि पालाश यांनीं किण्व जोमानें वाढतें.

आतां कृति पाहूं. द्राक्षांत साखर आयतीच असते. तांदळांत पिष्ट असतें व त्याची आधीं साखर व्हावी लागते. याकरितां तांदूळ सडून, धुवून, भिजवून वाफेवर शिजवितात. त्यांतील कांहीं भाग उबदार खोलींत पसरून त्यावर एका उपयुक्त बुरशीचें बीज शिंपडतात. सुमारें दोन दिवसांत दाण्यांवर बुरशी चढते. यास कोजी म्हणतात. पुढें कोजी, पाणी व भात यांचें विरजण तयार करून मोठ्या पिंपांत तीन वेळां भर घालतात. पहिल्या भरीनंतर एक दिवस विसांवा देतात, म्हणजे किण्वास वाढण्यास अवसर मिळतो. पिष्टाची साखर होणें व साखरेचें मद्य होणें या दोन्ही क्रिया एकाच पिंपांत एकाच वेळीं चालतात. म्हणून मद्यार्काचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत चढूं शकतें. तीन-चार आठवड्यांनीं तें पिळून गाळतात व बहुधा सुमारें ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवितात. उरलेला चोथा भाज्या मुरविण्यास उपयोगी पडतो.

हें काम थंडींत चाले व तें करणारे बहुतेक शेतकरीच असत. तान्बा नांवाच्या डोंगराळ मुलखांतील लोक भाताची कापणी उरकली कीं नादा येथें येत व वसंतांत घरीं परतत. त्यांच्या मुख्यास तोजी म्हणत.

जेवणाच्या तांदळाचा शेंकडा १० च्या सुमारास भाग सडून काढतात. साकेच्या गिंजो या उंची प्रकारासाठीं शेंकडा ४० व दाइगिंजोसाठीं ५० किंवा अधिक भाग काढावा लागतो. कारण बाहेरच्या थरांतील प्रथिनें व स्निग्धांश यांनीं चव बिघडते. इतकें सडूनहि न तुटणारा टपोरा दाणा हवा, व त्याच्या पोटांत पांढरा पिठूळ गर्भ हवा. जेवणाच्या तांदळांत हें पांढरें पोट दोष समजतात. येथें तोच गुण ठरतो, कारण बुरशी त्यांत खोलवर शिरते.

असा दाणा देणारी जात म्हणजे यामादा निशिकी. ह्योगोच्या शेतकी प्रयोगशाळेनें १९२३ सालीं संकर केला व १९३६ सालीं त्या जातीस हें नांव दिलें. हिच्या हजार दाण्यांचें वजन सुमारें २७ ग्रॅम भरतें. साध्या तांदळाचें २२ च्या आसपास असतें. परंतु ही जात पिकविणें सोपें नाहीं. ताट उंच, लोंबी जड, म्हणून वादळवाऱ्यांत पीक लोळतें. नत्र अधिक दिल्यास लोळण्याचें भय वाढतें व दाण्यांत प्रथिनेंहि वाढतात; म्हणून खत हात राखून द्यावें लागतें, व उत्पन्न कमी येतें.

मग शेतकरी ही पत्करतो कां? याचें उत्तर मागील इतिहासांत आहे. १८७३ सालीं जपान सरकारनें सारा धान्याऐवजीं रोकड घेण्याचें ठरविलें. पूर्वीं साऱ्याचें धान्य पारखून घेत. ती पारख बंद पडतांच वाळवण व निवड यांत हयगय होऊं लागली आणि मद्यकार त्रस्त झाले. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिकी व कातो भागांतील एकेका गांवानें एकेका मद्यगृहाशीं कायमचा संबंध जोडला. गांवानें चोख तांदूळ द्यावा, मद्यगृहानें तो चढ्या भावानें घ्यावा. हा प्रघात आजहि टिकून आहे.

याची दुसरी बाजूहि लक्षांत ठेवावी. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपांत नादा येथील अनेक जुनीं लांकडी मद्यगृहें कोसळलीं. २०२० सालच्या साथींत खाणावळी बंद पडल्या, साकेचा खप घटला व मद्यगृहांनीं तांदळाची मागणी कमी केली. एकाच कामासाठीं पिकविलेला तांदूळ दुसऱ्या बाजारांत तोच भाव आणीत नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें युनेस्कोनें साके करण्याच्या या परंपरागत विद्येस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें; पण मानानें शेतकऱ्याचा हंगाम निभत नाहीं.

तात्पर्य, विशिष्ट गिऱ्हाइकासाठीं खास पीक घेण्यांत लाभ आहे, परंतु तो तीन गोष्टींवर अवलंबून आहे: माल दरसाल सारखाच चोख असावा, करार एकट्यादुकट्यानें न करितां गांवानें मिळून करावा, आणि गिऱ्हाइकाचा धंदा बसल्यास नुकसान कोणी किती सोसावें हें आधींच ठरवून ठेवावें. पहिल्या दोन गोष्टी ह्योगोच्या शेतकऱ्यांनीं शंभर वर्षांपूर्वींच साधल्या. तिसरीचें महत्त्व २०२० सालीं सर्वांसच कळून आलें.