मोनाझाइटच्या वाळूतील थोरियम : शुद्धीकरण आणि बुकित मेराहचा लढा

केरळच्या किनाऱ्यावरून युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञास मोनाझाइट हे खनिज आढळले. त्यातील थोरियम तेव्हा गॅसबत्तीच्या मेंटलसाठी हवे असे. आज त्याच खनिजातून सेरियम, निओडिमियम अशी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये काढतात आणि थोरियम बहुधा ओझे म्हणून मागे उरते. एकाच वाळूतील माल आणि कचरा यांनी शतकभरात जागा बदलल्या!

मोनाझाइट बारीक दळून तीव्र कॉस्टिक सोड्यात सुमारे १४० अंश सेल्सिअसला शिजवितात. फॉस्फेट पाण्यात उतरते. उरलेला हायड्रॉक्साइडचा गाळ हायड्रोक्लोरिक आम्लात बेताने विरघळविला, आम्लता नेमकी राखली, की दुर्मीळ मृदा द्रावणात जातात आणि थोरियम गाळातच राहते. खरी अडचण रेडियमची. ते कॅल्शियम-बेरियमच्या कुळातले असल्याने द्रावणात मिसळून जाते आणि त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की एकट्याचा साका बसतच नाही. म्हणून द्रावणात बेरियम क्लोराइड व सल्फेट घालतात. बेरियम सल्फेट तळाशी बसताना रेडियमला आपल्या स्फटिकांत ओढून घेते.

तथापि ‘काढणे’ या शब्दाने फसू नये. आम्लाने वा अग्नीने किरणोत्सार नष्ट होत नाही. तो पुष्कळ पाण्यातून थोड्या गाळात आणता येतो, एवढेच. शिवाय साठविलेल्या थोरियममधून नवे रेडियम निर्माण होतच राहते. तेव्हा प्रश्न उरतो तो असा : हा गाळ कोणाच्या दाराशी ठेवायचा?

मलेशियातील इपोह शहराजवळच्या बुकित मेराह गावाने हा प्रश्न न्यायालयात नेला. तेथे १९८२ पासून एशियन रेअर अर्थ ही कंपनी कथिलाच्या खाणींतून उरलेल्या वाळूतील मोनाझाइटवर प्रक्रिया करीत असे. तिच्यात जपानच्या मित्सुबिशी समूहाचा भाग होता. कारखान्याचा गाळ निष्काळजीपणे टाकला जातो, मुले आजारी पडतात, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. कंपनीने हा संबंध मान्य केला नाही. १९८५ मध्ये आठ रहिवाशांनी दावा दाखल केला. सामान्य माणसांनी किरणमापनाच्या आकड्यांवरून तज्ज्ञांशी वाद घालावा, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे. जुलै १९९२ मध्ये इपोहच्या उच्च न्यायालयाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. डिसेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. म्हणजे कायद्याच्या कागदावर गावकरी हरले. परंतु लोकमत इतके तापले होते की जानेवारी १९९४ मध्ये कंपनीने स्वतःच गाशा गुंडाळला.

सफाई मात्र पुढे अनेक वर्षे चालली आणि तिचा खर्च सुमारे दहा कोटी डॉलर सांगितला जातो. दूषित माती व गाळ क्लेडांगच्या डोंगररांगेत पुरून ठेवले आहेत. त्यातील थोरियम निम्मे होण्यास सुमारे १,४०० कोटी वर्षे लागतील.