झोपेची गोळी सोडताना होणारी छातीतील धडधड

‘डॉक्टर, छातीत धडधड होते, मधेच एखादा ठोका चुकतो, आणि आता हृदय बंद पडते की काय असे वाटते,’ अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण मला वरचेवर भेटतात. त्यांतील काहींची खोलात जाऊन चौकशी केली की एक गोष्ट हळूच बाहेर येते. अनेक महिने किंवा वर्षे चालू असलेली झोपेची अथवा ‘टेन्शनची’ गोळी त्यांनी नुकतीच कमी केलेली असते, नाहीतर एकदम बंद केलेली असते. या दोहोंचा संबंध काय आणि त्यात खरा धोका कोठे आहे, ते आज समजून घेऊ.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही या गोळ्यांची नावे. औषधशास्त्रात या गटाला बेन्झोडायझेपीन म्हणतात. यातील पहिले औषध १९६० साली बाजारात आले आणि १९६३ साली डायझेपाम आले. त्यापूर्वीच्या बार्बिच्युरेट औषधांपेक्षा ही पुष्कळ सुरक्षित, म्हणून त्यांचा खप झपाट्याने वाढला. रोज घेतल्यास शरीराला त्यांची सवय लागते, हे पुढे ध्यानात आले. म्हणून निद्रानाशासाठी ही गोळी साधारणपणे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावी, असे मानले जाते. प्रत्यक्षात मात्र जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे गोळी घेणारे लोक गावोगावी आहेत. उतारवयात या गोळ्यांमुळे तोल जाऊन पडणे, हाड मोडणे, विसरभोळेपणा वाढणे असे त्रास होतात. तेव्हा ती सोडण्याचा विचार योग्यच आहे. प्रश्न आहे तो कशी सोडायची याचा.

धडधड का होते?

आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य असते. मज्जापेशींची उत्तेजना आवरण्याचे काम ते करते. झोपेची गोळी या द्रव्याचा जोर वाढवते. टांग्याच्या घोड्याचा लगाम सतत ओढून धरला तर घोडा तितक्याच जोराने पुढे ओढू लागतो. मेंदूही तसेच करतो. गोळीच्या दाबाला तोंड देत तो आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. अशा वेळी लगाम एकदम हातातून सोडला तर घोडा उधळणारच! अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये वाढतात, हृदयाचे ठोके जलद पडतात, हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. म्हणजे येथे हृदय बहुधा निरोगी असते. त्याला मिळणारे हुकूम तेवढे घाईचे असतात.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक पत्नीच्या निधनानंतर सुरू झालेली अल्प्राझोलामची गोळी सात वर्षे घेत होते. चातुर्मासात काहीतरी सोडायचे, म्हणून त्यांनी आषाढी एकादशीपासून ही गोळीच सोडली. दुसऱ्या रात्री धडधड, कंप आणि घाम सुरू झाला. मुलाने रातोरात गाडी करून त्यांना शहरात नेले. इ.सी.जी. काढला, तर नाडी ११२. बाकी सारे ठीक. गोळीचा विषय निघालाच नाही, कारण झोपेची गोळी हे काही सांगण्यासारखे औषध आहे असे गुरुजींना वाटलेच नव्हते. वाचकहो, डॉक्टरांना आपली औषधे सांगताना ही गोळी वगळू नका, आणि ती सोडली असेल तर तेही सांगा.

ठोका खरोखर चुकतो का?

पुष्कळदा ठोका चुकत नाही, तो वेळेआधी पडतो. त्या वेळी हृदयात रक्त पुरेसे भरलेले नसते, म्हणून तो ठोका मनगटाशी जाणवत नाही. त्यानंतर थोडा विराम पडतो, हृदय अधिक भरते आणि पुढचा ठोका ‘धाडकन’ जाणवतो. असे अवेळी ठोके निरोगी माणसालाही अधूनमधून पडतात. चहा-कॉफी, तंबाखू, मिश्री, जागरण आणि काळजी यांनी ते वाढतात. त्यात भीतीची भर पडली की ठोके आणखी वाढतात, आणि ठोके वाढले की भीती वाढते.

हे चक्र तोडण्यासाठी नाडी मोजायला शिका. पाच मिनिटे स्वस्थ बसा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० ठोके हे सर्वसाधारण प्रमाण. सकाळ-संध्याकाळ एकेकदा मोजून वहीत लिहा. दर दहा मिनिटांनी मनगट चाचपत बसू नका. त्याने धडधड वाढतेच.

तथापि ‘हे गोळीमुळेच’ असे घरच्या घरी ठरवून मोकळे होऊ नये. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, पोटॅशियमची कमतरता, दम्याची काही औषधे यांनीही धडधड होते. म्हणून एकदा तपासणी, इ.सी.जी. आणि गरजेप्रमाणे रक्ताच्या चाचण्या कराव्यात. त्रास नसताना काढलेला आलेख निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी चोवीस तास आलेख नोंदवणारे होल्टर यंत्र उपयोगी पडते.

गोळी कशी कमी करावी?

अमेरिकेतील व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संस्थेने इतर संस्थांबरोबर २०२५ साली केलेल्या शिफारशीनुसार सुरुवातीस दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्के कमी करण्याचा विचार करावा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक कमी करू नये. लहान गोळीचे इतके बारीक तुकडे घरी होत नाहीत. त्यामुळे डॉक्टर कधी कधी डायझेपामसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध बदलून देतात. हा बदल स्वतःच्या मनाने करू नये.

गुरुजींची गोळी पुन्हा सुरू करून आम्ही ती आठ महिन्यांत उतरवली. प्रत्येक पायरीला चार-सहा दिवस धडधड व्हायची आणि मग शांत व्हायची. चौथ्या पायरीला त्रास अधिक झाला, तेव्हा तीच मात्रा आणखी तीन आठवडे ठेवली. घाई नसावी, हेच या उपचाराचे मर्म आहे. आज ते गोळीशिवाय झोपतात. झोप पूर्वीपेक्षा थोडी कमी आहे, पण सकाळी डोके जड नसते.

गोळीची जागा दारूने भरून काढू नये. धडधडीसाठी शेजाऱ्याची प्रोप्रॅनोलॉलची गोळीही घेऊ नये. दमेकऱ्याला ती घातक ठरू शकते. शिवाय तिने ठोके मंदावले तरी आकडीचा धोका टळत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ परिशिष्टात आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपून ठेवावी लागते. दुकानदार चिठ्ठी मागतो तेव्हा त्याच्यावर रागावू नका.

हे मात्र थांबण्यासारखे नाही

बेशुद्धी, छातीत दुखणे, धाप लागणे, विश्रांतीतही नाडी १२० च्या वर राहणे किंवा ठोक्यांना काहीच ताल नसणे, यांपैकी काही झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. आकडी, भ्रम किंवा भास झाल्यासही तेच करावे. गोळी एकदम तोडल्याने येणारी आकडी जिवावर बेतू शकते; खरा मोठा धोका हाच आहे. पूर्वी आकडी आलेली असल्यास, दारूची सवय असल्यास, गोळीची मात्रा मोठी असल्यास किंवा स्त्री गरोदर असल्यास गोळी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच कमी करावी. अपस्मारासाठी क्लोनाझेपाम घेणाऱ्यांनी तर हा लेख वाचून एकही गोळी कमी करू नये.

ज्यांच्या घरात अशी गोळी वर्षानुवर्षे चालू आहे, त्यांनी आज ती घेणे चालूच ठेवावे, आणि या आठवड्यात चिठ्ठी व गोळीचे पाकीट घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे.